औषधशाळेतील माती : मूषा, शराव आणि आपला कुंभार

औषधशाळेत आलेली गुळवेल ओली की वाळलेली, हिरडा सुरवारी की बाळहिरडा, अभ्रक वज्राभ्रकाच्या लक्षणांत बसते की नाही, याची चौकशी प्रत्येक जाणता औषधनिर्माता करीत असतो. ज्या शरावात ते अभ्रक ठेवून पुट दिले जाते, तो शराव कोणत्या मातीचा, किती भाजलेला आणि कोणाच्या हातचा, ही चौकशी मात्र क्वचितच होते. बाजारातून डझनाच्या भावाने परळ आणावेत, फुटले की टाकून द्यावेत आणि नवे आणावेत, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. भस्मपरीक्षणात एखादा घाणा उतरला नाही, तर दोष द्रव्याला दिला जातो, भावनेच्या स्वरसाला दिला जातो, गोवऱ्यांना दिला जातो. परळाकडे लक्ष जात नाही.

रसाचार्यांची दृष्टी याहून वेगळी होती. साधारणतः तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चयात नववा अध्याय यंत्रांसाठी आणि दहावा मूषा, कोष्ठी व पुटे यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. द्रव्यातील दोष जी हरण करते ती मूषा, अशी तिची निरुक्ती तेथे सांगितली आहे. आणि तिच्या पर्यायनामांत ‘वह्निमित्रा’, म्हणजे अग्नीची मैत्रीण, असे एक अर्थपूर्ण नाव येते. या निरुक्तीतच भांड्याला संस्कारातील सहभागी मानलेले आहे. जे संस्कारात भाग घेते त्याची परीक्षा द्रव्याइतकीच काटेकोर झाली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचन मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरते ठेवले आहे, कारण माती, कुंभार आणि मूस हाताळणारे कारागीर ही तिन्ही या भागात आजही आपल्या हाताशी आहेत. आपण त्यांच्याकडे जात नाही इतकेच.

ग्रंथोक्त माती आणि कृष्णाकाठची माती

मूषेसाठी माती कशी असावी, याविषयी रसरत्नसमुच्चयकारांचा आग्रह स्पष्ट आहे. ती पांडुर वर्णाची असावी, तिच्यात जाड खडे नसावेत आणि दीर्घकाळ अग्नी सहन करण्याची शक्ती तिच्यात असावी. अशी माती न मिळाल्यास वारुळाची किंवा कुंभाराची माती घ्यावी, असा पर्यायही दिलेला आहे. त्या मातीत जाळलेला तूस, शण, घोड्याची लीद, कोळसा, लोहकिट्ट अशी द्रव्ये मिसळून कुटावयाची असतात. सत्त्वपातनासाठी सांगितलेल्या वज्रमूषेत माती 3 भाग, शण व लीद प्रत्येकी 1 भाग, जाळलेला तूस इत्यादी 1 भाग आणि लोहकिट्ट अर्धा भाग असे प्रमाण येते.

हे मिश्रण आजच्या मृत्तिकाशास्त्राच्या कसोटीवर लावून पाहावे. नुसती चिकणमाती वाळताना आक्रसते व तडकते. तीत न आक्रसणारा भरड घटक मिसळला की आक्रसणे कमी होते. शण, म्हणजे आपल्याकडचा ताग, ओल्या मातीला दोऱ्यासारखा बांधून धरतो. भट्टीत गेल्यावर ताग आणि लीद जळून जातात व त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. अचानक तापल्या-निवल्यामुळे पडू पाहणारी चीर अशा पोकळीपाशी येऊन थांबते. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिका असते. ती उष्णतेला उत्तम तोंड देते. पाटण, जावळी, शिराळा हे आपल्या भागातील भाताचे तालुके. तेथे तुसाला आजही तोटा नाही. वाळवीने वर आणलेली माती आसपासच्या जमिनीपेक्षा बहुधा बारीक कणांची व खड्यांपासून मुक्त असते, म्हणून वारुळाची माती सांगितली. ग्रंथातील एकही घटक निष्कारण नाही.

विशेष म्हणजे महाराष्ट्रातील कुंभार माठ-घागरीच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या लीद आणि राख मिसळत आला आहे. त्याने रसग्रंथ वाचलेला नाही, आणि रसाचार्यांनी ही युक्ती बहुधा त्याच्याचकडून घेतली असावी असे मानावयास पुष्कळ जागा आहे. ‘पक्वमूषा’ या नावाने कुंभाराकडच्या भाजलेल्या भांड्याचा समावेश मूषाप्रकारांत करण्यात आला आहे. ‘मल्लमूषा’ म्हणजे दोन परळ तोंडाला तोंड लावून केलेली मूषा. आपले शरावसंपुट ते हेच.

आता आपल्या मातीकडे येऊ. सातारा-सांगलीची भूमी बेसाल्ट खडकाची. तो झिजून जी काळी माती होते तिच्यातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइटच्या कुळातील असते. पाणी मिळाले की ते फुगते, वाळले की आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा आपण सारे पाहतो. नुसत्या काळ्या मातीचा परळ म्हणूनच सावलीतसुद्धा तडकतो. कुंभार नदीकाठचा पोयटा, तळ्यातला गाळ आणि तांबडी माती यांचा मेळ घालतो तो यासाठी. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांवर जांभा दगड आहे आणि त्या बाजूची तांबडी माती लोहाने समृद्ध आहे. पांढरी चिनी माती, म्हणजे केओलीन, आपल्या दोन जिल्ह्यांच्या उपयोगाला सह्याद्रीच्या पलीकडून, कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूने येऊ शकते. पांडुर वर्णाच्या मातीचा जो आग्रह ग्रंथांत आहे, त्यामागे लोह कमी आणि केओलीन अधिक अशा मातीची अग्निसहता आहे. लोहयुक्त माती 1100 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते. केओलीनयुक्त माती त्याच्या कितीतरी पुढे टिकते. गजपुटासाठी कृष्णाकाठची माती पुरेशी आहे, सत्त्वपातनासाठी नाही. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळ परिश्रम वाया जातात.

चुनखडीचा दोष

काळ्या मातीचा आणखी एक दोष औषधनिर्मात्याने अवश्य ध्यानात ठेवावा. तिच्यात चुनखडीचे बारीक-मोठे गोटे असतात. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या कमी पावसाच्या तालुक्यांत ते अधिक आढळतात. असा गोटा भांड्याच्या भिंतीत राहिला आणि भांडे 850 अंशांच्या आसपास भाजले गेले, की त्याची कळीचा चुना होतो. भांडे दिसावयास उत्तम दिसते, वाजतेही चांगले. पुढे हवेतील दमटपणा शोषून तो चुना विरतो, फुगतो आणि वरची खपली उडवितो. वैशाखात घेतलेले परळ श्रावणात आपोआप खवले टाकू लागतात ते यामुळे. ‘खडे नसलेली माती’ या ग्रंथोक्त लक्षणाचा आपल्या भागापुरता सर्वांत महत्त्वाचा अर्थ हाच आहे.

अशी खपली संपुटाच्या आत पडली तर ती भस्मात मिसळते. मग भस्माच्या अम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण वाढते, चुन्यामुळे क्षारता बदलते आणि प्रयोगशाळेचा अहवाल विपरीत येतो. मूळ द्रव्य शुद्ध, शोधन यथाविधी, भावना यथोक्त, आणि तरीही घाणा बाद!

परीक्षा कठीण नाही. कुंभाराकडे कच्ची माती पाहावयास मिळाली तर तिच्यावर लिंबाचा रस किंवा विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकावे. बुडबुडे आले की चुना आहे. तयार परळ घेतल्यास एक दिवस पाण्यात ठेवून, पुढे आठ-दहा दिवस दमट जागी ठेवावेत. ज्यांना खपल्या जावयाच्या असतात त्यांच्या जातात. उरलेले उन्हात वाळवून कामास घ्यावेत.

थापटण्याची परीक्षा

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. तीतील परीक्षा तांत्रिक दृष्ट्या अगदी खरी आहे. नीट भाजलेले व निर्दोष भांडे बोटाच्या टिचकीने खणखणते. कच्चे असेल तर बद्द आवाज येतो आणि चीर असेल तर आवाज फुटतो, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो.

आवाजामागचे कारण असे. माती सुमारे 500 ते 600 अंशांपर्यंत तापली की तिच्यातील घटक-पाणी निघून जाते व ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. तिचे ‘मडके’ होते ते या टप्प्यावर. पुढे 800 ते 1000 अंशांत कण एकमेकांना चिकटू लागतात आणि भांड्यास खणखणीतपणा येतो. उघड्या आव्यात सगळीकडे सारखी आच लागत नाही. कडेची भांडी कमी भाजतात, मधली अधिक. म्हणून एकाच आव्यातील डझनभर परळ एकसारखे नसतात आणि डझनाने खरेदी करणे धोक्याचे ठरते. प्रत्येक परळ वाजवून घ्यावा. कुंभार रागावत नाही. उलट वाजवून घेणारे गिऱ्हाईक त्याला जाणकार वाटते.

दुसरी परीक्षा वजनाची. कोरडा परळ तोलावा, चोवीस तास पाण्यात बुडवून, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलावा. 400 ग्रॅमचा परळ 460 ग्रॅम भरला तर त्याने आपल्या वजनाच्या 15 टक्के पाणी शोषले. माठाला हा सच्छिद्रपणा हवाच असतो, पाझरलेले पाणी उडून जाते म्हणून तर माठातले पाणी गार होते. शरावालाही थोडा सच्छिद्रपणा चालतो, कारण त्यामुळे तो आचेचा धक्का सोसतो. परंतु एका खेपेतील परळांत एक 10 टक्के आणि दुसरा 20 टक्के पाणी पीत असेल, तर ते दोन परळ एका संपुटात घालू नयेत. तापताना दोघांची चाल सारखी राहत नाही व सांध्यावर ताण येतो. शरावाच्या कडा सपाट दगडावर पाणी घालून घासून घ्याव्यात. खालच्या-वरच्या कडांतून उजेड दिसता कामा नये. कापडमाती ही या सांध्याला आधार देण्यासाठी असते, वाकडा सांधा झाकण्यासाठी नव्हे.

कापडमाती, काचकूपी आणि ओगलेवाडी

कापडमातीच्या बाबतीत आपण घाई करतो, एवढेच म्हणणे पुरे व्हावे. मुलतानी माती रात्रभर भिजवून, लोण्यासारखी मळून, पट्टी भिजवून गुंडाळावी. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. ओला थर आत राहिला तर त्याची वाफ वरच्या थराला फोडते. वेळ वाचविण्यासाठी काही ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. ते लवकर घट्ट होते हे खरे, परंतु तापल्यावर त्यातील पाणी निघून जाते व ते भुसभुशीत होते. पाऱ्याचे कल्प असताना त्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. हिंगुळ किंवा कज्जली असलेल्या संपुटाची चीर म्हणजे केवळ द्रव्यनाश नव्हे. पाऱ्याची वाफ आच देणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाते.

कूपीपक्व रसायनांत मातीचे काम याहून सूक्ष्म आहे. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 साली ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला व तेथील प्रभाकर कंदील घरोघर गेला. तो कारखाना आता बंद आहे, पण काच काय आहे हे या भागाला शिकविणारी ती पहिली शाळा होती. बाजारातील साधी काच 700 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. रससिंदूर किंवा मकरध्वज करताना वालुकायंत्रातील कूपी या मर्यादेच्या बरीच जवळ जाते. अशा वेळी सात कापडमातीचे कवच मऊ पडू पाहणाऱ्या काचेला बाहेरून सावरते आणि वाळूतील आच तिला सर्वांगी पोहोचविते. थर पाच की सात यावर वाद घालण्यापेक्षा ते एकजीव आहेत की नाहीत, हे पाहणे अधिक श्रेयस्कर.

मूस आणि गलाई

मूषा हा शब्द मराठीत ‘मूस’ होऊन राहिला आहे. एकाच मुशीतून निघालेले, असे आपण सहज बोलतो. ही मूस आपल्या भागात नुसत्या वाक्प्रचारात नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडील माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातील कित्येक कुटुंबे गलाईच्या व्यवसायात आहेत. जुने सोने-चांदी गाळणे, शुद्ध करणे, त्याचा कस राखणे हा त्यांचा धंदा. भारतातील लहान-मोठ्या शहरांच्या सराफ बाजारांत गलाईवाला म्हटला की तो बहुधा या पट्ट्यातला निघतो. पावसाने पाठ फिरविल्यामुळे घराबाहेर पडलेल्या या माणसांनी अग्नी आणि मूस यांचे ज्ञान देशभर नेले.

आपण ज्यास सत्त्वपातन, ढालन, आवाप म्हणतो त्यातील पुष्कळ क्रिया हा कारागीर रोज करतो. नवी मूस एकदम आचेत घालावयाची नाही, तिला हळूहळू तापवून घ्यावयाचे. सवागी टाकून आतून तिला झिलई आणावयाची, म्हणजे धातूचे कण भिंतीत अडकत नाहीत. रसाच्या रंगावरून आच ओळखावयाची. हे ज्ञान ग्रंथांतील लेपयुक्त मूषांच्या वर्णनाशी ताडून पाहण्यासारखे आहे. रसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहलीसाठी दूरच्या कारखान्यांत नेण्याऐवजी विट्याच्या एखाद्या गलाई दुकानात एक दुपार बसविले तर वह्निमित्रा या नावाचा अर्थ त्यांना लवकर कळेल, असे आमचे प्रांजळ मत आहे.

मात्र दोन सावधगिऱ्या आवश्यक. एक, वापरलेली मूस भस्मासाठी कधीही घेऊ नये. चांदीच्या शुद्धीकरणात शिशाचा वापर होतो आणि मुशीची भिंत शिसे पिऊन घेते. पुढच्या आचेत ते परत सुटते. दोन, सराफीत आज सर्वत्र असलेली ग्रॅफाइटची मूस कर्बयुक्त असते. धातू वितळविण्यास ती उत्तम. पण जेथे धातूचे भस्म, म्हणजे बहुधा प्राणवायूशी वा गंधकाशी संयोग, अपेक्षित आहे तेथे कर्ब विरुद्ध दिशेने ओढतो. अशा कामास मातीची किंवा फायरक्लेची मूस घ्यावी.

मूषेचे वर्णन ग्रंथकारांनी कल्पनेने केले, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. त्यास उत्तर राजस्थानात जमिनीतून निघाले आहे. खर्परसत्त्वासाठी रसरत्नसमुच्चयात वृंताकमूषा सांगितली आहे, वांग्याच्या आकाराची आणि पुढे लांब नळी असलेली. उदयपूरजवळ जावर येथे 1980 च्या दशकात झालेल्या उत्खननात जस्त काढण्याच्या जुन्या भट्ट्या सापडल्या. त्यांतील मातीच्या मूषा नेमक्या वांग्याच्या आकाराच्या आहेत. एका भट्टीत अशा 36 मूषा सच्छिद्र तक्त्यावर उलट्या बसवीत. जस्त 907 अंशांना उकळते, म्हणून त्याची वाफ खाली उतरवून थंड करावी लागते. मूषा उपडी आणि खाली पाण्याचे भांडे, हा ग्रंथातील विधी याचसाठी आहे. युरोपात हेस प्रांताच्या मुशी शतकानुशतके नावाजलेल्या होत्या; त्यांच्या टिकाऊपणाचे कारण, म्हणजे उच्च आचेत तयार होणारे म्युलाइट नावाचे संयुग, 2006 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कारागिराच्या हाताला जे ठाऊक होते त्याला नाव मिळावयास असा काळ लागतो.

अरिष्टाचे भांडे आणि शिशाची झिलई

आता फार्मसीचालकांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भागाकडे वळू. आसव-अरिष्टांचे संधान घृतभावित मृत्पात्रात करावे, हा आपला जुना संप्रदाय. भांड्यास आतून तूप जिरवावयाचे, मध-पिंपळी इत्यादींचा लेप द्यावयाचा, धूपन करावयाचे आणि मुख बंद करून धान्यराशीत ठेवावयाचे. तुपाने मातीची छिद्रे बुजतात व द्रव पाझरत नाही. धान्याच्या राशीत तापमान स्थिर राहते. जॉर्जिया देशात द्राक्षासवासाठी जमिनीत पुरावयाच्या क्वेव्री नावाच्या मोठ्या रांजणांना आतून मधमाश्यांचे मेण लावतात. या पद्धतीचा युनेस्कोने 2013 मध्ये आपल्या वारसासूचीत समावेश केला. गरज एक, म्हणून उपाय सारखा.

पुढे मृत्पात्राची जागा चिनी मातीच्या बरण्यांनी घेतली. येथे एक भेद न विसरावा. लोणच्याची जुनी जड बरणी बहुधा स्टोनवेअरची असे. ती 1200 अंशांच्या पुढे भाजत आणि तिची झिलई कित्येकदा भट्टीत मीठ टाकून आणलेली असे. मिठाची वाफ मातीतील सिलिकेशी मिळून काचेचा थर होतो व त्यात शिसे नसते. कमी आचेत भाजलेल्या भांड्यावर मात्र अशी झिलई वितळत नाही. तेथे झिलई लवकर वितळावी म्हणून शिशाची संयुगे घालण्याची रीत जगभर होती. मुर्दाडशिंग आणि शेंदूर ही ती द्रव्ये. आपल्या वाचकांना त्यांचा परिचय वेगळ्या कारणाने आहे. झिलई नीट भाजली गेली नसेल तर अम्ल द्रवात तिच्यातील शिसे उतरते. अरिष्टाचा सामू साधारणपणे 4 च्या आसपास असतो, त्यात मद्यांश असतो आणि ते महिना-महिना भांड्यात राहते. कांजी, तक्रारिष्ट यांचीही तीच गोष्ट.

डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. त्यावर पुष्कळ वादविवाद झाला. पुढे शासनाने निर्यात होणाऱ्या केवळ वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी 1 जानेवारी 2006 पासून बंधनकारक केली. शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम अशा मर्यादा ठरल्या. आपल्या व्यवसायात या विषयाची चर्चा जमीन, पाणी आणि रसौषधी यांच्याभोवतीच होत राहिली. वनस्पतिज औषधात शिसे येण्याचे भांडे हेही एक दार आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

संधानासाठी घेतलेली प्रत्येक नवी बरणी, विशेषतः आतून रंगीत किंवा फार चकचकीत व वजनाने हलकी असलेली, तपासून घ्यावी. सर्वमान्य पद्धत अशी : 4 टक्के ॲसेटिक आम्ल भांड्यात भरून 24 तास सामान्य तापमानास ठेवावयाचे आणि त्या द्रवातील शिसे व कॅडमियम प्रयोगशाळेकडून मोजून घ्यावयाचे. ज्या बरणीच्या झिलईस आत बारीक जाळीदार तडे गेले आहेत ती संधानातून काढून चूर्णासाठी वापरावी. त्या तड्यांत मागच्या घाण्याचे आंबवण राहते आणि पुढचा घाणा बिघडवते. हल्ली बाजारात येणाऱ्या शोभेच्या रंगीत मडक्यांना आतून-बाहेरून तैलरंग दिलेला असतो. औषधशाळेच्या उंबऱ्याच्या आत त्यांना जागा नाही.

चिनी मातीच्या खलाविषयी एकच सूचना. घोटण्याचा भाग आतून बिनझिलईचा, खरखरीत पांढरा असावा. आतून चकचकीत असलेला खल स्वयंपाकघरासाठी असतो, घोटताना त्याची झिलई औषधात उतरते.

गजपुट आणि विद्युत्‌भट्टी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 यांत 2000 साली अनुसूची ‘टी’ आली. तिच्यातील भस्म विभागाच्या सामग्रीत मुलतानी माती, मातीची भांडी, गजपुट भट्टी आणि विजेवर चालणारी मफल भट्टी ही सारी शेजारी शेजारी आहेत. कायद्याने मातीचे भांडे मोडीत काढलेले नाही, हे यावरून दिसेल. विद्युत्‌भट्टीचे लाभ उघड आहेत; आच नोंदविता येते, पुन्हा तशीच देता येते, आणि पावसाळ्यात गोवऱ्यांची चिंता उरत नाही. परंतु शरावाच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. गजपुटात 1000 गोवऱ्या खाली व 500 वर अशी रचना असते. आच चढते, माथ्यावर पोहोचते आणि रात्रभर राखेच्या दुलईखाली सावकाश उतरते. स्वांगशीत झाल्यावरच संपुट काढावयाचे असते. विद्युत्‌भट्टीत मात्र बटण दाबून आच झपाट्याने चढविण्याचा आणि दार उघडून लवकर निवविण्याचा मोह होतो.

मातीतील वाळू म्हणजे क्वार्ट्झ 573 अंशांना अकस्मात फुगते व निवताना त्याच बिंदूला अकस्मात आक्रसते. या टप्प्यावरून घाईने नेलेला शराव तडकतो. म्हणून विद्युत्‌भट्टीत 500 ते 650 अंशांचा पल्ला चढताना व उतरताना दोन्ही वेळा सावकाश पार करावा, आणि 200 अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये. स्वांगशीत या एका शब्दात हे सारे आहे.

कुंभाराकडे मागणी

कराड, सांगली, मिरज, वाई, फलटण, कोणत्याही जुन्या गावात कुंभारवाडा आहे. मात्र त्यातील चाक किती घरी फिरते, हे पाहिले तर वाईट वाटते. संक्रांतीची सुगडी, अक्षय्य तृतीयेचे करा-केळी, नवरात्राचे घट आणि दिवाळीच्या पणत्या एवढ्यावर वर्ष निघत नाही. त्यामुळे बहुतेक घरे वीटभट्टीकडे किंवा गणपतीच्या मूर्तींकडे वळली. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या वस्त्यांची जी हानी केली ती निराळीच. परळ घडविणारा हात एकदा थांबला की औषधशाळेला नवा हात तयार करता येत नाही. एकसारख्या जाडीचा परळ चाकावर ओढावयास वर्षानुवर्षांचा सराव लागतो.

पुष्कळदा कुंभाराला आपले परळ कशासाठी नेले जातात हे ठाऊकच नसते. तो ते कुंडीखाली ठेवावयाच्या ताटल्यांसारखे, मिळेल त्या मातीचे करून देतो. त्याला एक परळ नमुन्यादाखल द्यावा आणि संपुटाचा उपयोग समजावून सांगावा. तोंडाचा व्यास, खोली आणि भिंतीची जाडी सेंटिमीटरमध्ये लिहून द्यावी; बूड आणि कड यांची जाडी सारखी हवी, माती वस्त्रगाळ नसली तरी बारीक चाळणीने चाळलेली हवी, तीत लीद व तुसाची राख हवी, वर रंग किंवा काव नको, आणि परळ आव्याच्या मधल्या भागात भाजलेले हवेत, हे स्पष्ट सांगावे. एवढ्यासाठी तो नेहमीच्या दुप्पट दर मागेल. तो द्यावा. एका संपुटात जे ताम्र वा अभ्रक जाते त्याच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही, आणि फुटलेल्या संपुटांचा हिशेब कोणी ठेवीत असेल तर त्यास हे निराळे सांगावयास नको. खरेदीच्या नोंदवहीत परळांना द्रव्यांप्रमाणे खेप क्रमांक द्यावा, म्हणजे घाणा बिघडल्यास कोणत्या आव्याचे परळ होते ते शोधता येते.

आवा पावसाळ्यात लागत नाही. दिवाळीच्या पणत्यांची घाई सरली की मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत कुंभाराचे हात मोकळे असतात; वर्षभराची मागणी त्या काळात, निम्मी रक्कम आगाऊ देऊन, एकदाच नोंदवावी. माल ज्येष्ठापूर्वी ताब्यात घेऊन, वर सांगितल्याप्रमाणे भिजवून, वाळवून, वाजवून, कोरड्या जागी पालथा रचून ठेवावा.